बॅटरीकाकांचा मजला

अंधारात राहून पोट भरणारी माणसं दोनच प्रकारची, एक चोर आणि दुसरे थिएटरातले डोअरकीपर, असं बॅटरीकाका म्हणत आणि आपल्याच बोलण्यावर खुसखुसत. मोठ्यानं हसणं त्यांना येतच नव्हतं. जन्मभर एका जुन्या थिएटरच्या दाराशी हातात बॅटरी घेऊन उभं राहिल्यावर माणसाचा आवाज बारीक व्हायचाच. शेजारी त्यांना बॅटरीकाका म्हणत, त्यांच्या बायकोला ओघानंच काकू, आणि त्यांचं खरं नाव काय हे विचारायची वेळ कुणावर कधी आली नाही.

लोकांना वाटतं, तिकीट फाडलं आणि उजेड मारून खुर्ची दाखवली की झालं डोअरकीपरचं काम. ते काय, कुणीही करील. खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं. एवढी माणसं अंधारात कोंडली की त्यात चार तरी वात्रट निघणारच. कुणी पुढच्या खुर्चीला लाथा घालणार, कुणी फोनवर सासूची गाऱ्हाणी सांगणार, कुणाचं पोर ऐन रडक्या प्रसंगाला भोकाड पसरणार. बॅटरीकाका ओरडत नसत. ते नुसते त्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहत आणि बॅटरीचा उजेड त्या माणसाच्या पायाजवळ टाकत. तोंडावर टाकला तर माणूस भांडायला उठतो, पायाजवळ पडला की ओशाळतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. मग एकच "शू". तेवढ्यावर भलेभले गार पडत. एका फौजदाराला त्यांनी असं गप्प केल्याची गोष्ट ते अधूनमधून सांगत, आणि दर खेपेला त्या फौजदाराला बढती मिळालेली असे.

घरी मात्र ही शिस्त कुणी जुमानत नसे. काकूंचा गळा खणखणीत. "माझा नवरा भांडतोसुद्धा कुजबुजून. कडाडून भांडल्याचं सुख म्हणून नाही जिवाला," ही त्यांची लग्नापासूनची तक्रार. शिवाय त्यांना जुना खोकला होता. तो एकदा सुटला की जिन्यापर्यंत ऐकू जायचा. काकू घरात आहेत की बाजारात, हे शेजाऱ्यांना त्यावरूनच कळे आणि त्या बेतानं वाटी घेऊन साखर मागायला येता येई.

ते राहत त्या इमारतीत एके काळी गोदामं होती. नंतर कुणा डोकेबाज माणसानं मध्ये भिंती घातल्या आणि खोल्या भाड्यानं दिल्या. मधून अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारावर उजेडासाठी एक आडवी काच. बोळात भर दुपारीसुद्धा संध्याकाळ असल्यासारखं वाटे. माल गेला, माणसं आली, पण दारांच्या बाहेरच्या अंगाला असलेले जाडजूड कडी-कोयंडे तसेच राहिले. मालाला आतून कडी लागत नाही, म्हणून आतल्या कड्या प्रत्येक भाडेकरूनं आपापल्या पैशानं बसवून घेतल्या होत्या. त्या अर्थातच बारीक होत्या. बॅटरीकाकांची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून पहिली. त्यांच्या समोर शिवणवाली राहायची. एकटी बाई, दिवसभर मशीन चालवणारी, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. पलीकडे घड्याळवाला आणि आणखी चार बिऱ्हाडं.

मग साथ आली. थिएटर बंद झालं. सुरुवातीला बॅटरीकाका आठवड्यातून एकदा जाऊन खुर्च्यांवरची धूळ झटकून येत. रिकाम्या थिएटरात त्यांना चैन पडत नसे. ज्यांना गप्प करायचं ती माणसंच नाहीत म्हटल्यावर शांततेची त्यांना भीतीच वाटू लागली. पुढे थिएटरच्या मालकानं दाराला साखळी घातली आणि पगाराचं विचारल्यावर "बघू" म्हणाला. त्या "बघू"वर कितीतरी दिवस गेले. मजल्यावर सगळ्यांचीच ती गत. शिवणवालीकडे कपडे शिवायला कुणी येईना, घड्याळवाल्याकडे वेळ दुरुस्त करून घ्यायची कुणाला घाई उरली नव्हती. हातावर पोट असलेल्यांची भाडी थकली.

इमारतीचा मालक कुणी पाहिला नव्हता. त्याचा माणूस मात्र सगळे ओळखत. त्याला मजल्यावर जावईबापू म्हणत, कारण पूर्वी तो भाडं न्यायला आला की खुर्चीत ऐसपैस बसे, चहा मागे, साखर कमी पडली म्हणून नाक मुरडे आणि निघताना उपकार केल्यासारखा निघे. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. साथीच्या दिवसांत त्याचं बसणं बंद झालं, चहा बंद झाला, फक्त दार वाजवणं राहिलं. बोटातल्या अंगठीनं वाजवायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. आतल्या माणसानं श्वास रोखून धरावा, सोडावा, आणि नेमक्या त्याच क्षणी पुन्हा टक. दार आपटणाऱ्याची एवढी धास्ती वाटत नाही, कारण तो दमून जाणार हे ठाऊक असतं. जावईबापू दमत नसे.

साथ असेपर्यंत कुणालाही सरळ घराबाहेर काढायचं नाही, असा हुकूम निघालेला होता. पण खोली खाली करण्याची नोटीस भाडेकरूच्या हातात पडली, की पुढचं सगळं मालकाला करता येत होतं. हातात पडली नाही, तर काहीच करता येत नव्हतं. ही पळवाट शिवणवालीनं कुठूनशी शोधून आणली आणि मजल्यानं कानाला खडा लावला, की जावईबापूची अंगठी वाजली तर दार उघडायचं नाही.

घड्याळवाला फसला तो त्यामुळेच. एका सकाळी त्याच्या दाराशी अंगठी वाजली नाही. एका बाईचा आवाज आला, "पालिकेकडून आलोय. ताप तपासायचाय, दार उघडा." बिचाऱ्यानं उघडलं. बाईनं खरंच कपाळासमोर यंत्र धरलं, आकडा वाचला, "छान आहे" म्हणाली आणि बाजूला सरकली. मागं जावईबापू उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी, अदबीनं, नोटीस घड्याळवाल्याच्या हातात ठेवली. महिन्याच्या आत घड्याळवाला बायको-पोरांसह बहिणीच्या दारी गेला आणि त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप लागलं. त्याचं भिंतीवरचं मोठं घड्याळ आतच राहिलं होतं. चावी दिलेली होती म्हणून ते काही दिवस त्या बंद खोलीत ठोके देत राहिलं. काकूंना ते ऐकवत नसे. ते थांबलं त्या दिवशी त्यांना आणखीच कसंतरी झालं.

त्यानंतर बॅटरीकाकांनी मजला हातात घेतला. थिएटर बंद पडल्यापासून मिटून गेलेला हा माणूस एकदम उजळला. सगळ्यांना बोळात अंतरा-अंतरानं उभं करून त्यांनी हलक्या आवाजात समजावलं. जिन्यात पावलं वाजली की ती सगळ्यात आधी त्यांना ऐकू येणार. ते दारावरच्या काचेतून समोर शिवणवालीच्या काचेवर बॅटरी मारणार. तिनं ती खूण आरशानं पुढे द्यायची. खूण मिळाली की दिवा बंद, नळ बंद, मशीन बंद, फोन बंद, पोरांच्या तोंडात काहीतरी खायचं. मागच्या खिडकीच्या उजेडानं दाराखालच्या फटीतून पायांच्या सावल्या दिसतात, म्हणून फटीशी गोधडीची गुंडाळी घट्ट ठासायची. अनोळखी नंबरचा फोन घ्यायचा नाही. आणि बाहेरचा माणूस काहीही म्हणो, कोणत्याही आवाजात म्हणो, ब्र काढायचा नाही.

"आणि आग लागली म्हणाला तर?" शिवणवालीनं विचारलं.

"तर धूर आधी मला दिसेल," बॅटरीकाका म्हणाले. "मी शीळ घालीन."

"तुम्हाला शीळ तरी येते का मोठ्यानं?"

सगळे हसले, आणि बॅटरीकाकांनी "शू" केलं तसे चूप झाले. त्यांनी तालमी घेतल्या. पहिल्या तालमीला कुणाचं तरी भांडं पडलं, दुसरीला एक पोर खिदळलं. होता होता असं झालं, की बॅटरी चमकली की मजला आतल्या माणसांसकट नाहीसा व्हायचा. जावईबापू यायचा, एकेका दाराशी टक, टक करायचा, थांबायचा, जायचा. तो गेल्यावर दारं किलकिली होत आणि बॅटरीकाकांकडे सगळे अशा नजरेनं बघत, की त्यांना थिएटरातल्या बाल्कनीच्या पायऱ्या उतरताना अंगात ताठा यायचा ते दिवस आठवत.

काकूंच्या खोकल्याचं तेवढं अवघड होतं. त्यांच्यासाठी उशी ठेवलेली होती. खूण झाली की त्या उशीत तोंड खुपसून बसत आणि खोकला आतल्या आत जिरवत. त्यांचा चेहरा काळानिळा पडे. जावईबापू गेला की त्या उशी भिरकावून म्हणत, "अहो, जिवंत माणसानं इतकं मेल्यासारखं बसू नये हो. अंगाची सवय लागते."

"चार दिवस कळ काढ," बॅटरीकाका म्हणत.

आणि खरोखरच एक दिवस पालिकेची गाडी भोंगा लावून रस्त्यानं गेली. साथीमुळे ज्यांची भाडी थकली त्यांना घरभाड्याची मदत मिळेल, अर्ज करा. शिवणवालीनं आपल्या फोनवरून अख्ख्या मजल्याचे अर्ज भरले. थकलेलं भाडं पालिका परस्पर मालकाला देणार आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहत्या खोलीला कुणी हात लावायचा नाही, असं त्यात होतं. फक्त भाडेकरू खरोखर तिथं राहतो का, हे बघायला पालिकेचं माणूस येणार होतं. मजल्याचा जीव भांड्यात पडला. काकूंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला.

चहा पिताना त्यांनीच विचारलं, "मग ते पाहणीवाले आले तर आपण दार उघडायचं ना?"

"कशावरून पाहणीवाले?" बॅटरीकाका म्हणाले. "घड्याळवाल्याकडे पण पालिकाच आली होती."

"अहो, मग खरे आले ते ओळखायचे कसे?"

त्यावर बॅटरीकाकांनी विचार करून ठेवला होता. पालिकेचं माणूस म्हणजे सरकारी माणूस. सरकारी माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही, आपण येऊन गेल्याची चिठ्ठी ठेवतोच. वीजवाले ठेवतात, पाणीवाले ठेवतात. "चिठ्ठी दाराखालून सरकवतील. ती वाचायची, शिक्का बघायचा, आणि मग उघडायचं. खोटा माणूस चिठ्ठी ठेवायचा नाही, त्याला हातातच द्यायचं असतं." सगळ्यांना हे पटलं. शिवणवाली तर म्हणाली, की काकांनी थिएटरात उगाच आयुष्य घालवलं, वकील व्हायला हवं होतं.  काकू तेवढ्या दाराशी ठासलेल्या गोधडीकडे बघत होत्या, पण का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

पाहणी आली ती एका दुपारी. जिन्यात दोन माणसांची पावलं वाजली, एक जड, एक हलकं. दोन्ही बॅटरीकाकांच्या ओळखीची नव्हती. त्यांनी बॅटरी मारली. समोर मशीन थांबलं. बोळभर दिवे गेले.

त्यांच्याच दाराशी आधी थाप पडली. सरळ, हाताची थाप. "कोणी आहे का? पालिकेकडून आलोय. भाड्याच्या मदतीची पाहणी आहे." बाईचा आवाज, तोंडावरच्या कापडामुळे घोगरा झालेला.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. बाई पुन्हा म्हणाली, "अहो, घरात कोणी आहे का?" मग बाहेर फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. बॅटरीकाकांचा फोन शिस्तीनं बंद होता. त्यांना घड्याळवाल्याच्या दाराशी मागं उभा असलेला जावईबापू डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्यांची पाचावर धारण बसली होती.

तेवढ्यात काकूंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी उशी तोंडाशी नेली, पण मध्येच हात थांबवला आणि पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. खोकू का, असं त्या डोळ्यांनी विचारत होत्या. बॅटरीकाकांनी उशी स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडावर धरली. त्यांचं अंग गदागदा हललं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण आवाज म्हणून फुटला नाही.

मग दाराखाली खरखर झाली. कुणीतरी खाली वाकलं होतं आणि फटीत काहीतरी खुपसत होतं. गोधडी किंचित हलली. वाकून सावल्या बघताहेत, बॅटरीकाकांच्या मनात आलं, आणि त्यांनी पायानं गुंडाळी आणखी घट्ट दाबून धरली. खरखर थांबली. पावलं पुढच्या दाराकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दाराशी तेच. शेवटी जिना उतरता उतरता पुरुषाचा आवाज आला, "मजलाच्या मजला ओस आहे की."

"गेले असतील आपापल्या गावी," बाई म्हणाली.

बॅटरीकाकांनी ते ऐकलं आणि, सांगायला वाईट वाटतं, पण त्यांची छाती अभिमानानं फुगली. अख्खं थिएटर भरलेलं असताना टाचणी पडली तर ऐकू यावी, अशी शांतता त्यांना आयुष्यात एक-दोनदाच जमली होती. आज ती पुन्हा जमली होती. शिवणवालीनं बाहेर येऊन टाळ्या वाजवल्यासारखे हात केले, आवाज न करता. काकू भिंतीला टेकून श्वास गोळा करत बसल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी उशी भिरकावली नाही, नुसती बाजूला ठेवली.

पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही. जावईबापूसुद्धा येईनासा झाला. मजला सुखावला, शिवणवाली पुन्हा मशीनवर गाणी म्हणू लागली. बॅटरीकाकांना मात्र त्या अंगठीच्या टकटकीची वाट बघत बसायची सवय झाली होती, ती येईना तसे ते बेचैन होऊ लागले. शेवटी, पालिकेचं काय झालं ते बघून येतो, असं सांगून ते कचेरीत गेले.

कचेरीत काचेमागं एक चष्म्यातली बाई बसली होती. पत्ता ऐकल्यावर तिनं मान वर केली. "तिसरा मजला? जुन्या गोदामातला? तिथं मीच आले होते."

तो घोगरा आवाज. आता कापडातूनही तो साधा, दमलेला वाटत होता. 

"एकही दार उघडलं नाही," ती म्हणाली. "फोन लावला, बंद. चिठ्ठी तरी ठेवावी म्हटलं, तर दाराखालून सरकेचना. आत काहीतरी आडवं लावलेलं होतं. बाहेर अडकवली असती, पण उघड्यावर कागद ठेवायचा नाही असा नियम आहे. मग काय करणार, खोल्या रिकाम्या म्हणून लिहिलं."

"आम्ही आत होतो," बॅटरीकाका म्हणाले.

"काय?" काचेतून तिला ऐकू गेलं नाही.

"आत होतो," ते पुन्हा म्हणाले. आवाज मोठा करायचा म्हटलं तरी त्यांना जमेना.

या वेळी तिला ऐकू गेलं.  "अहो काका, मग उघडायचं नाही का? एवढं तर म्हणत होते मी." ती रागावली नाही हेच त्यांना जास्त लागलं. ती म्हणाली, की नवा अर्ज भरा, मी पुन्हा येईन, पण जुने अर्ज बंद झाले आहेत. मग म्हणाली, "मालकाला कळवावं लागतं आम्हाला. पैसे त्यांच्या खात्यात जायचे होते ना."

"काय कळवलंत?"

"हेच. मजला रिकामा आहे म्हणून. पत्र गेलंय. आज-उद्या पोचेल, कदाचित पोचलंही असेल."

घरी येताना त्यांना थिएटरवरून जावं लागलं, पण त्यांनी तिकडे मान वळवली नाही. डोक्यात एकच घोळत होतं. खोलीत माणूस असताना कुलूप लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण रिकाम्या खोलीला कुलूप घालायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि रिकामी आहे असं आता जावईबापू नाही, खुद्द पालिका म्हणत होती.

दिवे लागायच्या वेळेला ते जिना चढले. बोळात सगळ्या काचांमधून उजेड पडला होता, मशीन चालू होतं, कुणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली. इतका भरलेला, इतका जागता मजला त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्यांना रडू आलं. शिवणवालीनं आतून हाक मारली, "काय काका, काम झालं का?" आणि ते म्हणाले, "सांगतो." एवढंच म्हणून आपल्या दारात शिरले. सगळ्यांसमोर उभं राहून, मीच तुम्हाला बुडवलं, असं सांगायला जीभ रेटेना.

काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकू ऐकत गेल्या. चिडल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी दाराशी ठासलेली गोधडी उचलली, झटकली आणि घडी घालून कपाटात ठेवली. "आता पहिलं जा आणि दारोदार सांगा," त्या म्हणाल्या. "आजपासून वाजलं की उघडायचं. कुणीही असो. जावईबापू असला तरी उघडायचं. आम्ही इथं आहोत, असं तोंडावर सांगायचं त्याला."

"जातो. जरा बसतो आणि जातो."

"आत्ता जा."

"अगं, दम तर खाऊ दे. कोणत्या तोंडानं जाऊ?"

ते खाटेवर बसले. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी हातात घेतला आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

ही ओळखीची होती. सावकाश, नीटनेटकी. सोबत आणखी दोघांची, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा किणकिणाट. बॅटरीकाकांचा हात सवयीनं बॅटरीकडे गेला. काकूंनी तो धरला. दोघं उठून उभे राहिले. अंगठी वाजू दे, बॅटरीकाका मनात म्हणत होते, पहिल्या टकटकीला दार उघडतो. आयुष्यात त्यांनी त्या आवाजाची इतकी आतुरतेनं वाट कधी पाहिली नव्हती. पावलं दाराशी येऊन थांबली. काकूंनी आतल्या कडीला हात घातला.

टकटक झालीच नाही. रिकाम्या खोलीचं दार कोण वाजवतं? बाहेरची जाड कडी करकरत सरकली, कोयंड्यात बसली आणि कुलूप खट्कन लागलं.

काकूंनी आतली कडी काढून दार ओढलं. ते जागचं हललं नाही.

"अहो, आम्ही आत आहोत!" त्या म्हणाल्या, आणि त्यांना उबळ आली. त्या मागच्या खिडकीकडे धावल्या, पण साथीमुळे दिवेलागणीनंतर संचारबंदी असे, खाली रस्ता मोकळा पडला होता. गजाला धरून त्या खोकत राहिल्या, पुढचा शब्द फुटेना.

दाराबाहेरचा किणकिणाट थांबला. मग जावईबापूचा गोड आवाज आला. "मजला रिकामा आहे, असं पालिकेचं पत्र आहे." तो त्यांच्याशी बोलत होता की बरोबरच्या माणसांशी, ते कळलं नाही. पावलं पुढच्या दाराकडे निघाली.

तेव्हा बॅटरीकाका ओरडले. दोन्ही मुठींनी दार बडवत, घसा फाटेपर्यंत ओरडले. "दारं उघडा! बाहेर या सगळे! कुलपं घालतोय! उघडा दारं!" तो आवाज फाटका, भसाडा, भयंकर होता. असला आवाज आपल्या आत आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. मजल्यावर तर तो कुणी जन्मात ऐकला नव्हता. कुणीतरी अनोळखी माणूस दारं बडवतोय आणि उघडा म्हणतोय, एवढंच बोळात ऐकू जात होतं.

त्यांनी मान वर करून काचेतून पाहिलं. बोळाच्या छतावर पडलेला उजेड टोकाकडून कमी होत चालला होता. एक खोली गेली, दुसरी गेली. नळ थांबला. कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि लगेच गप्प झालं. ते आणखी जोरात ओरडले तशी आणखी एक काच काळी झाली.

समोरच्या शिवणवालीनं मशीन थांबवलं आणि दिवा घालवला.